पोर्चचा दिवा

३१ ऑक्टोबर २०२४, रात्रीचे साडेअकरा

पोर्चचा दिवा अजून चालूच आहे. शेवटची पोरं येऊन गेली त्यालाही दोन तास होऊन गेले. उठून बटण बंद करायचं, एवढंच काम. पण बसून आहे.

मंगळवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. धनत्रयोदशी होती. यमाचा दिवा दक्षिणेकडे वात करून बाहेर ठेवला, आत आले, तर जिन्याखालच्या प्रिंटरवर चार कागद पडलेले. लेकीच्या इंग्रजीच्या वर्गाला हॅलोविनसाठी भयकथा लिहायला सांगितली होती. म्हटलं विसरली असेल, तिच्या टेबलावर नेऊन ठेवू. वर नाव होतं 'गल्लीच्या टोकाचं घर'. पहिली ओळ वाचली आणि तिसऱ्या पायरीवरच बसले.

'त्या घराच्या पोर्चचा दिवा लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.'

मराठीत मी उतरवतेय, तिच्या इंग्रजीला जास्त धार आहे. आणि इथे राहिल्याशिवाय त्या ओळीतली भीती कळायची नाही. हॅलोविनच्या संध्याकाळी पोर्चचा दिवा म्हणजे आवतण. दिवा लागलेला असेल तर पोरं पायऱ्या चढून येतात, बेल वाजवतात, चॉकलेट घेतात. नसेल तर न बोलता पुढच्या घरी. तीन वर्षांच्या पोराला पण हे ठाऊक असतं. गोष्टीतल्या घरावरून सगळे पुढे जातात.

त्या घराच्या दारात चपला-बुटांची रांग आहे. आत गेलेल्या माणसांची ती पायताणं, माणसं बाहेर आलीच नाहीत, असं गल्लीतली मुलं म्हणतात. रांगेतली एक जोडी कधीच हलत नाही, आणि तरी तिच्यावर धूळ बसत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरण्या आहेत, तोंडाला पांढरं फडकं आवळून बांधलेल्या. आत पिवळसर पाण्यात काहीतरी तरंगतंय. आणि रात्री तीन वाजता त्या खिडकीत एक बाई उभी असते. हातातल्या कशाचा तरी निळा उजेड खालून तिच्या तोंडावर पडतो. ती बोलत असते. समोर कुणी नसतं. भाषा कुणाला कळत नाही. मध्येच हसते, मग कितीतरी वेळ नुसतं 'हं, हं' करत राहते.

बरण्या माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या, दादरा बांधून उन्हाला ठेवलेल्या. न हलणारी जोडी आईची. ती इथे येऊन गेली तेव्हा राहिलेली, मऊ तळव्याची, डाव्या अंगठ्याजवळ झिजलेली. पुसते मी ती अधूनमधून. आणि बाई तर सांगायलाच नको.

डॉक्टरांचा राऊंड दुपारी साडेबाराला असायचा. तिकडचे साडेबारा म्हणजे इथले पहाटेचे तीन. दादा फोन तिच्या उशाशी धरायचा आणि मी इकडून बोलायचे. काय बोलायचे? आज भाजी काय केली, इथे पाचोळा किती पडलाय, असलंच काहीतरी. ती 'हं' म्हणायची, म्हणून मीही 'हं' म्हणायचे. तिकिटाचं काय झालं, कुणी काय सांगितलं आणि कुणी काय सांगितलं नाही, ते आज नको.

तर माझ्या लेकीला यातून भूत दिसलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना हिने उचलला, त्यावर काळा रंग फासला आणि वर्गात वाचायला दिला. वर्गातली पोरं खिखी करून हसली असतील, घाबरून ओरडली असतील, बाईंनी शाबासकी दिली असेल. मंगळवारची सगळी रात्र मी हेच चघळत काढली. एकदा तर वाटलं, हिला उठवून विचारावं, अगं, आजीशी बोलत होते ना मी? तुला माहीत होतं ना? मग हे असं?

मी लहानपणी भयकथा वाचल्या नाहीत असं नाही. धारप वाचलेत, मतकरी वाचलेत, रात्री पांघरुणात आणि मग पाणी प्यायला उठायची हिंमत नाही. पण आम्हाला सांगितलेली भुतं बहुतेक घराबाहेरची होती. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा रानात. घरात यायचं, दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायचं, की सुटका. इथली भुतं घरातच राहतात. घर विकलं जातं, नवी माणसं येतात आणि जुनी माणसं भिंतीत राहून गेलेली असतात. ज्याच्याकडे पळत यायचं तेच घर भ्यायचं. हे मला नवीन होतं आणि पोर मात्र त्यातच वाढली.

तिसरीत असताना तिने लायब्ररीतून गूजबम्प्सची पुस्तकं आणायला सुरुवात केली. आर. एल. स्टाइन या लेखकाची. थोराड मुलांसाठी त्याने १९८९ पासून फिअर स्ट्रीट लिहिली होती, मग १९९२ मध्ये लहानांसाठी ही काढली. १९९७ पर्यंत बासष्ट पुस्तकं! माझे अर्धे शनिवार ती पुस्तकं परत करण्यात गेले. पहिल्यात दोन भावंडं डार्क फॉल्स नावाच्या गावात एका जुन्या घरी राहायला येतात. मोठ्या बहिणीला माडीच्या खिडकीत कुणीतरी मुलगा दिसतो. आईबाप म्हणतात, काही नाही गं. कुत्रा भुंकून सांगतो, कुत्र्याचंही कुणी ऐकत नाही.

मी तेव्हाच तिला विचारलं होतं, या गोष्टींतले आईबाप असे कसे? घरातच असतात, स्वयंपाक करतात, रागावतात, पण बघत कसे नाहीत? ती म्हणाली होती, आई, त्यांनी बघितलं तर गोष्ट तिथेच संपेल ना.

आठ वर्षांची होती.

काल दुपारी घरी कुणी नव्हतं. कागद तिच्या दप्तरात गेले होते, पण संगणकावर गोष्ट होती. चोरून पुन्हा वाचली. वाचायला नको होती, हे लिहून ठेवते. पहिल्या वाचनात मी त्या बाईपाशीच अडकले होते, शेवटचं पान डोळ्यांखालून गेलं आणि मनात उतरलंच नाही. गोष्ट 'मी'ने सांगितली आहे. मला वाटलं, 'मी' म्हणजे फाटकाबाहेरच्या तिघांपैकी कुणीतरी. तसं नाही. तिघं फाटकापाशी येतात, एकमेकांना ढकलतात, वर बघतात आणि किंचाळून पळतात. माडीच्या खिडकीत त्यांना टोकदार काळी टोपी घातलेली एक मुलगी दिसलेली असते.

'मी हात हलवला. मी संध्याकाळपासून हात हलवत होते.' संपली गोष्ट.

त्याच्या आधी चार ओळी आहेत. ती बाई वर खोलीत येते. दिवा लावत नाही. खिडकीचा पडदा ओढते आणि मुलीच्या अगदी जवळून निघून जाते. 'मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं.'

म्हणजे भूत मी नव्हतेच.

गेल्या वर्षी याच दिवशी मी पडदा ओढायला वर गेले होते. ते मला आठवतंय. दिवा बंद आहे म्हणून पोरं पुढे जातील, पण वरून उजेड दिसला तर बेल वाजवतील, म्हणून गेले होते. बेल वाजली असती तर दार उघडावं लागलं असतं, आणि हसावं लागलं असतं. तेराव्यालाही मी तिकडे नव्हते, इथे होते. हे सगळं आठवतं. ती खोलीत होती का, हे आठवत नाही. दोन दिवस आठवायचा प्रयत्न करतेय. पलंगावर होती? खिडकीशी? टोपी तिने आधीच करून ठेवली होती, काळ्या कार्डपेपरची, चांदीच्या कागदाचे तारे चिकटवलेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर डिंक सांडला म्हणून मी ओरडले होते, सप्टेंबरात. टोपी आठवते, डिंक आठवतो, तिचं तोंड आठवत नाही. मी म्हणाले होते, यंदा नको हं बाळा. ती 'ओके' म्हणाली होती. ते 'ओके' मी समजूतदारपणा म्हणून घेतलं आणि दादाला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा, किती शहाणी आहे बघ.

याच मालिकेत मुखवट्याची एक गोष्ट आहे, १९९३ ची, हॅलोविनचीच. मुलगी भयानक मुखवटा चढवते आणि तो चेहऱ्यावरून निघेना होतो. तिच्या आईने तिच्याच चेहऱ्याचं प्लास्टरचं डोकं घडवलेलं असतं. ते मुलीला आधी जरासं चमत्कारिक वाटतं, पण शेवटी त्या डोक्यामुळेच मुखवटा सुटतो. लेकीने ही मला गाडीत बसून सगळी सांगितली होती. मी गाडी चालवत 'हं, हं' करत होते.

बरं. आजचं लिहिते.

पहाटे साडेपाचला उठवून तिला उटणं लावलं. शाळा होती, तरी कुरकुर केली नाही. हॅलोविन आणि नरकचतुर्दशी यंदा एकाच दिवशी आली. कारीट इथे कुठलं, दारात छोटा टोमॅटो ठेवते, तो तिने अंगठ्याने फोडला. बाजूच्या पायरीवर तिने कोरलेला भोपळा होता. कारीट आणि भोपळा एकाच कुळातले, हे मला आज टोमॅटोच्या बिया पुसताना सुचलं. आयर्लंडमध्ये लोक आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. आपण परमुलखात टोमॅटो फोडतो, त्यातलंच ते.

या ऑक्टोबरात पाऊस असा पडलाच नाही. पाचोळा पापडासारखा वाजतोय, आणि ऑक्टोबर संपत आला तरी आज चक्क उकडत होतं. संध्याकाळी मी आतून बघत होते. कंदील लागला होता, पोर्चचा दिवाही. तिने टोपली मांडीवर घेतली आणि पायरीवर बसली. या वर्षी वेष नाही. तेरा म्हणजे दारोदार फिरायला मोठी आणि घरी बसायला लहान. त्याआधी दारातली सगळी चपला-बुटांची रांग उचलून तिने आत ठेवली होती, लहान पोरं अडखळतील म्हणून. आईची जोडी तेवढी तिथेच होती. तिच्याशेजारी भोपळा सरकवलेला, आतल्या दिव्याचा उजेड डाव्या अंगठ्याच्या झिजेवर पडत होता. मी काही बोलले नाही. तीही नाही.

पोरं आली. सांगाडे, चेटकिणी, दोन डायनासोर, कागदी खोक्यातला एक रोबो. एका चिमुरड्या भुताने रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तीन पायऱ्या उडी मारून ओलांडल्या आणि तोंडावर आपटला. लेकीने त्याला उचललं, चादर झटकली, दोन चॉकलेटं जास्त दिली. मग कंदिलाकडे बोट करून त्याला काहीतरी सांगत होती, आतून ऐकू आलं नाही.

साडेनऊला रिकामी टोपली घेऊन आत आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तू वाचलीस ना? कागद प्रिंटरवर उलटे ठेवलेले होते. मी सुलटे सोडले होते."

मी म्हटलं, "हो."

"कशी वाटली?"

काय म्हणू? तीन दिवस मनात जुळवलेलं काहीच आलं नाही. विचारलं, "ती मुलगी अजून खिडकीतच आहे का गं?"

तिने जरा विचार केला. खरंच केला, डोळे वर करून, हिशोब करावा तसा. "आठशे शब्दांचीच मर्यादा होती, आई. तिथे थांबवावी लागली."

"आणि मर्यादा नसती तर?"

"तर खाली आली असती. भूक लागली असती ना तिला."

चिवड्याच्या डब्यात हात घालून मूठ भरून घेतली, जमिनीवर थोडा सांडला, तो पायाने ओट्याखाली सारला आणि वर गेली. जिन्याच्या मधूनच ओरडली, "आणि आजीचा फोटो नाही घातला मी गोष्टीत. घालता आला असता. चांगला भीतिदायक झाला असता."

मी "बरं" म्हणाले.

आता वरचा दिवा विझलाय. मघाशी चहा टाकायला उठले होते, तेव्हा वर जाऊन आले. झोपली आहे, तोंड भिंतीकडे, एक पाय पांघरुणाबाहेर. पडदा उघडाच होता, तसाच ठेवला. पोर्चचा दिवा उद्या उजाडल्यावर बंद करीन. उद्या लक्ष्मीपूजन आहे, आणि ओट्याखालचा चिवडा आधी झाडायला हवा, नाहीतर मुंग्या.