लेकीचं कॉलेज, स्क्रीनवरून

आज दिवसभर लेक आणि मी लॅपटॉपसमोर. १ मेपर्यंत होकार कळवायचाय आणि अमेरिकेतली ही दोन्ही छोटी कॉलेजं आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत. आयोवातलं ग्रिनेल की मिनेसोटातलं कार्लटन?

व्हर्च्युअल टूरमध्ये दोन्हीकडे हिरवळ, ऊन, हसरी मुलं. त्यावरून काय ठरवणार! शेवटी दोन्हींचे 'कॉमन डेटा सेट' उघडले, म्हणजे कॉलेजं एकाच ठरावीक नमुन्यात देतात ती स्वतःची माहिती. एका वर्गात किती मुलं, पहिल्या वर्षानंतर किती टिकतात, परदेशी विद्यार्थ्यांना मदत किती, सगळं आकड्यांत. माहितीपत्रकापेक्षा हे कितीतरी कामाचं.

ग्रिनेलमध्ये मेजर (पदवीचा मुख्य विषय) आणि पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल (छोट्या गटाचा वर्ग) सोडलं तर सक्तीचे विषय नाहीत. कार्लटनमध्ये १०-१० आठवड्यांच्या ३ टर्म. लेक म्हणाली, "आई, मला तर विषयात रमायलाच महिना लागतो गं."

संध्याकाळी यांपैकी एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीशी व्हिडिओ कॉल झाला. लेकीनं विचारलं, "सुट्टीत सगळे घरी गेले की तू कुठे असतेस?" उत्तर द्यायच्या आधी त्या पोरीनं कॅमेरा खिडकीकडे वळवला. एप्रिलमध्येही बर्फ, त्यात अर्धी रुतलेली सायकल. म्हणाली, "पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या आईनंच बोलावलं होतं."

माझे डोळे भरून आले. लेक मात्र वहीत लिहीत होती.