निळा डगला आणि पिवळे मोजे

महाविद्यालयात चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराचे लेखन अभ्यासाला होते, तेव्हापासून त्याची शाळा माझ्या मनात घर करून आहे. इंग्लंडमधील जुन्या निवासी शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे ईटन आणि हॅरो हीच नावे घेतली जातात. लॅमच्या शाळेचे, म्हणजे क्राइस्ट्स हॉस्पिटलचे, नाव क्वचितच कानावर येते आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

नावातील ‘हॉस्पिटल’चा अर्थ रुग्णालय नव्हे, निराधारांना आसरा देणारी जागा, हा त्या शब्दाचा जुना अर्थ येथे आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा गोरगरिबांना तेथून मिळणारा आधारही तुटला आणि लंडनच्या रस्त्यांवर अनाथ मुलांची संख्या वाढली. बिशप रिडली यांनी हा प्रश्न किशोरवयीन राजा सहावा एडवर्ड याच्यापुढे मांडला, शहरातील नागरिकांनी पैसा उभा केला आणि 1552 मध्ये न्यूगेट स्ट्रीटवरील फ्रान्सिस्कन साधूंच्या रिकाम्या मठात ही शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी राजाने सनदेवर सही केली आणि त्यानंतर काही दिवसांतच वयाच्या पंधराव्या वर्षी तो वारला.

मुलांना दिलेला पोशाख त्या काळच्या साध्या माणसांचा होता : पायघोळ निळा डगला, कमरेला चामडी पट्टा, गुडघ्यापर्यंतची विजार, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि पिवळे मोजे. पिवळ्या रंगामुळे उंदीर पायांजवळ येत नाहीत, अशी समजूत सांगितली जाते. तिच्या खरेपणाची खात्री कोणी देत नाही. 1902 मध्ये शाळा लंडन सोडून ससेक्स परगण्यातील हॉर्शमजवळ गेली, 1985 मध्ये हर्टफर्डची मुलींची शाखाही तेथेच येऊन मिळाली, पण पोशाख मात्र टिकला. आजही शाळेचे वाद्यवृंदपथक वाजत असते आणि मुलेमुली त्याच वेशात रांगेने दुपारच्या जेवणाला जातात. धर्मादायाची खूण म्हणून अंगावर चढलेला हा वेश विद्यार्थ्यांना आता स्वतःचा वाटतो आणि तो बदलावा असे त्यांनाच वाटत नाही, ही गोष्ट मला या शाळेच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

अर्थात या जुन्या भिंतींआड सुख नांदत होते, असे मी म्हणणार नाही. लॅम आणि कवी कोलरिज हे दोघेही 1782 मध्ये येथे दाखल झाले. लॅमने शाळेवर दोनदा लिहिले. पहिल्या निबंधात त्याने तिचे कौतुक केले. काही वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात मात्र त्याने तीच शाळा कोलरिजच्या, म्हणजे लंडनमध्ये जवळचे कोणी नसलेल्या मुलाच्या नजरेतून दाखवली. लॅमचे घर जवळ होते आणि त्याची आत्या त्याच्यासाठी खायला घेऊन येई. दूर डेव्हनहून आलेल्या मुलाच्या वाट्याला शाळेतले अपुरे, बेचव अन्न येई, आणि सुटीच्या दिवशी दिवसभर बाहेर काढलेल्या अशा मुलांना जायला एकही घर नसे. मुख्याध्यापक बॉयर यांच्या छडीची दहशत तर दोघांनीही अनुभवली होती. आपल्या सुखाच्या आठवणींशेजारी मित्राचे दुःख तितक्याच प्रामाणिकपणे मांडणारा दुसरा लेखक मला तरी आठवत नाही.

विद्यापीठासाठी तयार होणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांना ‘ग्रीशियन’ म्हणत. कोलरिज ग्रीशियन झाला आणि केंब्रिजला गेला. ग्रीशियनांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा असे, त्यामुळे बोलताना अडखळणाऱ्या लॅमला तो मार्ग बंद झाला व त्याने कारकुनी पत्करली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तेथे आजही ग्रीशियनच म्हणतात.

इतर जुन्या शाळांमध्येही परंपरा पुष्कळ आहेत. लहान मुलांनी मोठ्यांची चाकरी करण्याची ‘फॅगिंग’ची चाल बंद पडली, हे उत्तमच झाले. ईटनची स्थापना 1440 मध्ये सहाव्या हेन्रीने केली, तीही सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी, पण पुढे तेथे श्रीमंतांची मुले बहुसंख्य झाली. क्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये आजही पालकांची ऐपत पाहून शुल्क ठरते, अनेकांना ते फारच थोडे भरावे लागते आणि पोशाख सर्वांना शाळेकडूनच मिळतो.

शाळा सोडताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती बायबलची प्रत दिली जाते आणि मुख्याध्यापक त्याला एक जबाबदारी सोपवतात : येथे तुला जे मिळाले ते विसरू नकोस, आणि पुढे ऐपतीप्रमाणे ते इतरांनाही मिळावे म्हणून झटत राहा.