मातीतून निघालेली बाटली लगेच नळाखाली धरू नका

बागेत खणताना किंवा पायाचा खड्डा काढताना मातीतून अख्खी जुनी काचेची बाटली वर आली की हात आपोआप नळाकडे जातो. माझी एवढीच विनंती आहे की आधी ती नीट बघा. आत काय आहे त्यावर ती धुवायची की नाही हे ठरतं, आणि काचेचं काय झालंय त्यावर कशी धुवायची ते ठरतं, त्यामुळे पाणी सगळ्यात शेवटी.

पहिलं म्हणजे बूच शाबूत आहे का. असेल आणि आत काही हलतंय किंवा खडे दिसतायत तर उघडायची नाही, वास घ्यायचा नाही, मोरीत ओतायची तर अजिबातच नाही. जुन्या औषधांत आणि घरातल्या किडे-उंदीर मारायच्या द्रव्यांत स्ट्रिक्नीन, आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार अशी विषं सर्रास असायची आणि बंद बाटलीत ती इतक्या वर्षांनीही तशीच राहतात. पिक्रिक ॲसिड हे स्फोटक रसायन तर वाळून त्याचे पिवळे खडे झाले की नुसतं झाकण फिरवल्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. आग विझवायला फेकायच्या ज्या गोल काचेच्या बाटल्या असायच्या त्यातल्या बऱ्याच नंतरच्यांमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड असतं, ते लिव्हरला विषारी आणि तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. आणि ब्रिटनमध्ये १९४० नंतर होमगार्डसाठी, म्हणजे युद्धकाळातल्या स्वयंसेवक संरक्षण दलासाठी, लाखो ‘नंबर ७६’ ग्रेनेड बनले, दिसायला साधी क्राउन झाकणाची (सोड्याच्या बाटलीला असतं तसं दातेरी पत्र्याचं बूच) छोटी बाटली, आत पांढरा फॉस्फरस आणि बेंझीन, फुटली की हवा लागताच पेट घेते, त्यातल्या कित्येक पुरून ठेवल्या गेल्या आणि अजूनही सापडतात. असं काही वाटलं तर हलवायची नाही, लांब व्हायचं आणि पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला बोलवायचं. इथे धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही.

रिकामी असली तरी विषाची बाटली ओळखता यायला हवी. गडद निळी किंवा हिरवी, सहा कोनी, अंगावर उभ्या धारा किंवा खवले, हे सगळं मुद्दाम, म्हणजे अंधारात हाताला लागली तरी कळावं. त्यावर बऱ्याचदा ‘नॉट टू बी टेकन’ (म्हणजे पोटात घ्यायचं नाही) असं उठावाचं लिहिलेलं असतं. अशी बाटली हातमोजे घालूनच हाताळायची.

आता वय. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची एक बारीक रेघ बाजूने वर जाते, ती बोटाने चाचपत तोंडापर्यंत न्या. रेघ काठावरून पार वर गेली असेल तर बाटली बहुतेक यंत्रावर बनलीये, गळ्यातच विरली असेल तर तोंड हाताने घडवलंय म्हणजे बाटली जुनी. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक यंत्र १९०३ च्या सुमारास आलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत हाताने फुंकणं जवळपास संपलं, म्हणून ही रेघ एवढी कामाची. ओवेन्सच्या यंत्राची अजून एक खूण बुडाला असते, एक गोल व्रण आणि तोसुद्धा बरेचदा मध्यभागापासून सरकलेला. त्याउलट बुडाच्या मधोमध खरखरीत, फुटल्यासारखी जागा लागली तर तो पाँटिल नावाच्या सळईचा व्रण, गरम बाटली त्या सळईला चिकटवून तोंड घडवायचे, आणि अशा साध्या वापराच्या बाटल्या बहुतांशी १८६० च्या दशकाच्या आधीच्या. अजिबात रेघ नाही म्हणून लगेच खूप जुनी समजू नका, काही बाटल्या साच्यात गोल फिरवून काढायचे, त्याने रेघ पुसली जायची, मग उजेडात तिरकी धरली की अंगावर आडव्या बारीक रेषा दिसतात. मला हीच परीक्षा सगळ्यात आवडते कारण डोळे आणि बोट सोडून काहीच लागत नाही.

तोंडाचा आकार पण बोलतो. क्राउन झाकणाचा काठ असेल तर १८९२ च्या आधीची नाही, विल्यम पेंटरचं पेटंट त्या वर्षीचं. गळ्यात चिमटा काढलेला आणि आत गोटी, ती हायरम कॉडची, १८७० च्या दशकातलं पेटंट, आतल्या गॅसच्या दाबाने गोटी रबरी रिंगवर दाबून बसायची. या बाटल्या बऱ्याचदा गळा फोडलेल्याच मिळतात कारण मुलं गोटीसाठी फोडायची. रंगावरून मात्र जपून. फिकट निळसर-हिरवा रंग वाळूतल्या लोखंडाचा, तो शतकानुशतकं चालत आलाय. जांभळट झाक म्हणजे काच रंगहीन करायला घातलेलं मँगनीज, वर्षानुवर्षं उन्हात पडली की जांभळी होते. पण हल्ली किरणांचा मारा करून मुद्दाम गडद जांभळ्या केलेल्याही विकतात, फारच भडक असेल तर मी शंका घेते.

एवढं झालं की धुणं. कागदी लेबलचा तुकडा जरी शिल्लक असेल तर भिजवू नका, मऊ कोरड्या ब्रशने माती झटका आणि तिथेच थांबा. लेबल नसेल तर बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, जमिनीतून गार आलेली बाटली गरम पाण्यात घातली की तडा जातो. प्लास्टिकच्या टबात खाली जुनं फडकं, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मग दोन-चार दिवस विसरून जा. भिजण्याने जेवढं निघतं तेवढं घासण्याने निघत नाही. आतली माती बांबूच्या काडीने सैल करा, मऊ ब्रश फिरवा. तारेचा ब्रश नको आणि आत वाळू टाकून हलवायचा तो प्रकार तर नकोच, वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो, सगळीकडे ओरखडे. साबणाच्या पाण्यात मूठभर कच्चे तांदूळ घालून हलक्या हाताने फिरवा, पण बाटलीला तडा नाही हे बघून.

पांढरा क्षार चिकटला असेल तर व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा. गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण ते विषारी आहे, किडनीला त्रास देतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, मुलं आणि जनावरं लांब. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. अमोनिया पण ब्लीचसोबत नाही. कोणी हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुचवलं तर साफ नाही म्हणा, ते काच तर खातंच पण कातडीतून आत जाऊन हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त मेहनत वाया घालवतात ते. धुवून वाळवली आणि बाटली परत धुरकट दिसायला लागली, तर ती घाण नाहीये. ओल्या जमिनीत पाणी काचेतला सोडा हळूहळू ओढून घेतं, वर सिलिकाचे पापुद्रे राहतात, त्यातून उजेड परतताना इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. ओली असताना स्वच्छ आणि वाळल्यावर धुरकट, हीच त्याची खूण, म्हणून विकत घेताना आत तेल तर लावलं नाहीये ना ते बघा. हे फक्त पॉलिश करून जातं, बाटली तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिशिंग पावडर घालून दिवसेंदिवस फिरवतात, पण त्यात वरची काच जाते आणि उठावाची अक्षरं बोथट होतात. माझं स्पष्ट मत, रंग चढलेली बाटली पॉलिश करू नये. ते पापुद्रे नखाने पण सुटतात, तिथे ब्रशही नको, फक्त पाण्यात बुडवून काढा आणि सावलीत उपडी ठेवा.

कितीही चकचकीत झाली तरी त्यात पाणी किंवा खायचं काही भरू नका, आधी काय होतं ते कळायला मार्ग नसतो. खणताना जाड हातमोजे हवेत, धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षं झाली ते बघून ठेवा, आणि जागा दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. एकाच ठिकाणी बऱ्याच बाटल्या निघाल्या तर तो जुना कचऱ्याचा खड्डा असणार, मग प्रत्येक बाटली किती खोल आणि कशाशेजारी होती ते जागेवरच चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा, कारण वय सांगणारी एक बाटली शेजारच्या सगळ्यांचं वय सांगून जाते.