एकाच ट्रेमधला मासा आणि ट्रेभर पाणी

‘सगळे एका ट्रेमध्ये घाला आणि अर्ध्या तासाने जेवायला बसा’ असे आश्वासन देणाऱ्या पाककृतींच्या लेखकांनी भाजून झालेला ट्रे कधी तिरका करून पाहिला आहे का, असा प्रश्न मला अजूनही पडतो. मासा, राजमा आणि भाज्या ओव्हनमध्ये एकत्र भाजण्याचा हा प्रकार खरोखरच सोपा आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की माशाच्या नाजूकपणाबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्या या पाककृतींत, ट्रेमध्ये साचणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळही सापडत नाही.

कापणे, चिरणे, तेल, मीठ, मिरपूड आणि ठेचलेली लसूण चोळणे यांत सांगण्यासारखे काहीच नाही. पाककृतीबरहुकूम सगळे एकदम ओव्हनमध्ये गेले, की बाहेर येतो तो मासा शिजलेला, बटाटा मध्यभागी कच्चा, भोपळी मिरची लिबलिबीत आणि तळाशी फिकट रंगाचे पाणी, ज्यात राजमा पोहत असतो. त्याला भाजलेले म्हणणे धाडसाचे ठरेल. ते उकडलेले असते.

याचे कारण समजल्यावर माझी चिडचिड निम्मी झाली. टोमॅटो, कांदा, भोपळी मिरची यांच्यात मुळातच बहुतांश पाणी असते. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर भाजीचे वरचे तापमान त्याच्या फारसे पुढे सरकत नाही. उलट खरपूस तांबूस रंग चांगला धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. म्हणजे ओव्हनचा काटा 200 वर असला, तरी दाटीवाटीने भरलेल्या ट्रेमध्ये भाज्या एकमेकींच्या वाफेतच शिजत राहतात. त्यात गोठवलेला मासा अर्धवट वितळलेला असेल, तर त्याचेही पाणी त्यातच मिसळते. लहान ट्रेमध्ये चौघांचे जेवण कोंबण्याचा सल्ला ज्याने दिला असेल, त्याला स्वच्छ भांडी मोजण्याचा आनंद मिळत असावा, जेवणाचा नव्हे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे आहेत. पहिला म्हणजे ट्रे मोठा घ्यावा, शक्यतो धातूचा आणि बुटक्या काठांचा, आणि भाज्या एकाच थरात, मध्ये मोकळी जागा सोडून पसराव्यात. काचेचे खोल भांडे दिसायला देखणे असते, पण ते हळू तापते आणि त्याच्या उंच काठांमुळे वाफ आतच घुटमळते. मी ते आता या कामाला घेत नाही. दुसरा म्हणजे पदार्थ टप्प्याटप्प्याने घालावेत. पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये आधी बटाट्याचे आणि गाजराचे लहान तुकडे जातात. वीसेक मिनिटांनी त्यांच्या कडा कोरड्या दिसू लागल्या की कांदा, भोपळी मिरची आणि फरसबी. मासा आणि राजमा यांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. अडीच सेंटिमीटर जाडीच्या बिनकाट्याच्या तुकडीला 200 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. काट्याने हलके दाबल्यावर तिच्या पाकळ्या सुट्या झाल्या आणि आतला पारदर्शकपणा गेला, की ट्रे बाहेर काढावा. तापमापक असेल, तर सर्वांत जाड भागात 63 अंश पुरेसे आहेत. वर पांढरट, साकळल्यासारखे काही दिसले, तर घाबरू नये, ती माशातून बाहेर आलेली प्रथिने असतात. ती फार सुटली असतील, तर मासा जरा जास्त वेळ राहिला एवढेच समजावे.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून वितळवावा आणि घालण्यापूर्वी कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी कोरडा टिपावा. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि एवढ्यानेच ट्रेमधले पाणी बरेच कमी होते.

राजम्याबाबत मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. डब्यातला शिजवलेला राजमा घेतला, तर तो धुऊन, चाळणीत पूर्ण निथळू द्यावा. कोरडा असेल, तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळत पूर्ण मऊ शिजवावा. कच्च्या राजम्यातील विषारी घटक निष्प्रभ व्हायला तशी उकळी लागते, आणि ओव्हनमध्ये माशाच्या वेळेपुरता तो गरम होणे हे त्यासाठी पुरेसे नाही. टोमॅटो किंवा लिंबू शिजवतानाच घातले, तर आंबटपणामुळे दाणे मऊ व्हायला फार वेळ घेतात, म्हणून लिंबू नेहमी ट्रे बाहेर आल्यावरच पिळावे. उरलेले जेवण दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. मासा दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजण्याऐवजी थंडच मोडून राजम्यात मिसळला, तर तो कोरडा पडत नाही.