अंगठीचा सांधा

बुधवार, रात्री उशिरा

उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत चांदीचा करडा कीस अजून बसलेला आहे. दोनदा साबण लावून झाला, पण नखांच्या कडेचा निघत नाही. झोप अनावर झालीय, तरी लिहून मगच आडवी होणार. सकाळपर्यंत निम्मा क्रम डोक्यातून जाईल.

प्रवासाचा अकरावा दिवस. पहिले दहा दिवस मी फक्त बघत होते. जे जे बघावं असं सगळे सांगतात ते सगळं बघितलं, आणि रोज संध्याकाळी खोलीवर आल्यावर हात मोकळे मोकळे वाटत. आजची ठरलेली सफर म्हणून रद्द केली आणि नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. एका दिवसात एक चांदीची अंगठी, पत्र्यापासून चकाकीपर्यंत सगळं स्वतः करायचं.

आणखी एक कारण होतं. पाच वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात घेतलेली बारीक अंगठी गेल्या महिन्यात बोटातच उघडली. मागच्या बाजूला केसाएवढी फट पडली होती. धातू तुटला असंच मी धरून चालले होते. ती पाकिटात घालून बरोबर आणली होती, पण सकाळी ती काढून दाखवायचा धीर झाला नाही.

आम्ही चौघं होतो. शिकवणाऱ्या बाईंची आणि माझी समाईक भाषा म्हणजे मोजून चाळीस-पन्नास शब्द. पण पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की त्या बोलून फार शिकवतच नाहीत. हात पुढे करतात, हातोडीचा आवाज ऐकवतात, आणि आपल्याकडे बघत थांबतात. बसायचं टेबल अर्धचंद्रासारखं आत कापलेलं, त्याखाली झोळीसारखं चामडं ताणलेलं. कानशीने घासताना पडणारा कीस त्यात जमतो. दिवसाच्या शेवटी बाईंनी तो ब्रशने गोळा करून एका डबीत भरला. तो पुन्हा वितळवायचा असतो, कणसुद्धा वाया जात नाही.

सुरुवात हिशेबाने झाली. माझ्या बोटाला आतून १७ मिलिमीटर व्यासाची अंगठी हवी होती. शाळेत शिकल्याप्रमाणे मी १७ ला ३.१४ ने गुणलं आणि ५३.४ मिलिमीटर लिहून दाखवलं. बाईंनी माझ्या आकड्याशेजारी पत्र्याची जाडी लिहिली, १.५. ती व्यासात मिळवायची आणि मग गुणायचं, म्हणजे ५८.१. कारण विचारलं तेव्हा त्यांनी रबराचा एक जाड तुकडा वाकवून हातात दिला. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि लांबी बदलत नाही ती फक्त मधल्या रेषेची. म्हणून माप मधल्या रेषेचं धरायचं. माझ्या मापाने कापली असती तर अंगठी पेरावरच अडकली असती. इतकी साधी गोष्ट, आणि आयुष्यभर अंगठ्या घालून ती कधी मनात आली नव्हती.

चांदी ९२५ ची होती, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुतेक तांबं. निव्वळ चांदी इतकी मऊ की रोजच्या वापरात दबते, चरे पडतात. तांबं तिला कणखर करतं. याच तांब्याने पुढे मला त्रास दिला, ते येतंच आहे.

करवतीने मला रडवलं. पातं दोऱ्याएवढं बारीक, दाते मुठीकडे तोंड करून बसवायचे, कारण कापणं खाली ओढताना होतं. पातं ताणून बसवलं की नखाने छेडायचं; तारेसारखा टणक सूर आला तर ठीक, बद्द वाजलं तर ढिलं. मी जोर लावत होते. एक पातं गेलं, दुसरं गेलं. तिसरं तुटलं तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं आणि त्यातला सगळा जोर जाईपर्यंत नुसतं धरून ठेवलं. मग पात्याला मेण लावलं, करवत उभी धरली आणि तिच्याच वजनाने खाली जाऊ दिली. चौथ्या पात्याने पट्टी कापून झाली. कड वाकडी आली होती, ती कानशीने सरळ केली. कानससुद्धा पुढे ढकलतानाच कापते. परत येताना उचलायची असते, नाहीतर दाते उगाच झिजतात.

दुपारी आगीशी गाठ पडली.

कापलेली, घासलेली पट्टी कडक असते. चांदी ठोकली, वाकवली, ओढली की आतून ताठत जाते, आणि तशीच वाकवत राहिलं तर चीर पडते. तापवली की पुन्हा मऊ होते. बाईंनी माझी पट्टी ऐरणीवर टाकली, तिचा खणखणीत आवाज आला. पट्टीवर काळ्या मार्करची एक रेघ ओढली, खोलीतले दिवे मंद केले आणि गॅसची ज्योत माझ्या हातात दिली. ज्योत फिरती ठेवायची. थोड्या वेळाने मार्करची रेघ विरून गेली आणि पट्टीवर अगदी फिकट गुलाबी आभा आली. भर उजेडात ती दिसलीच नसती. बाईंनी हात वर केला, मी ज्योत बाजूला घेतली. जरा थांबून पट्टी पाण्यात बुडवली. मग तीच पट्टी त्यांनी पुन्हा ऐरणीवर टाकली. या वेळी लाकडाचा तुकडा पडावा तसा आवाज झाला. दोन्ही आवाज अजून कानात आहेत. त्यानंतर दिवसभर माझं कानांकडेच लक्ष होतं. ठोकता ठोकता आवाज चढू लागला की समजायचं, चांदी आता पुन्हा तापवायला मागतेय.

निमुळत्या सळईवर लाकडी मोगरीने पट्टी वाकवली. लोखंडी हातोडी वापरली असती तर वण उठले असते. पट्टी गोल होण्याआधी बेढब झाली तरी बाई निश्चिंत होत्या. गोलाई नंतर येते, आधी दोन्ही टोकं मिळायला हवीत. टोकं एकमेकांना भिडवली की मिटलेल्या सांध्यातूनच एकदा करवत फिरवायची, म्हणजे दोन्ही कडा एकाच पात्याने कापल्या जातात आणि एकमेकींच्या जोडीच्या होतात. मग अंगठी उजेडासमोर धरून सांध्यातून बघायचं. माझ्या सांध्यातून उजेडाची एक रेघ दिसत होती. म्हटलं, एवढीशी तर आहे, डाख (सांधा जोडायला वितळवून लावतात तो धातू) भरून काढेल. बाईंनी मान हलवली. डाख फट भरत नाही. भिडलेल्या कडांच्या मधे ती पातळ होऊन ओढली जाते. कडा भिडल्याच नसतील तर नुसता वरून साकव घालते, आणि तो साकव एक दिवस सुटतो.

पाकिटातली अंगठी मला तिथेच आठवली. तोपर्यंत अंगठीला सांधा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिला अखंड समजत होते. पट्टीपासून बनलेली प्रत्येक अंगठी कुठेतरी उघडी होती आणि कुणीतरी ती मिटवलेली असते. पाकीट काढलं आणि ती बाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंगातून पाहिली, मग भिंग मला दिलं. फटीच्या कडा पुरत्या समांतरही नव्हत्या. बाहेरच्या बाजूला डाखेचा पातळ पापुद्रा लोंबत होता, आत काहीच नव्हतं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि माझ्या नव्या सांध्याकडे बोट दाखवलं. मी आणखी दोन वेळा करवत फिरवली. उजेडाची रेघ नाहीशी झाली.

डाख लावण्याची दहा मिनिटं मला सगळ्यात जपून ठेवायची आहेत. सांध्यावर पाण्यात कालवलेला टाकणखार लावला. तो तापलेल्या धातूला हवेपासून राखतो. हवा लागली की तांबं काळं पडतं आणि काळ्यावर डाख धरत नाही. तिळाहून लहान असा डाखेचा एकच तुकडा सांध्याखाली ठेवला. डाख म्हणजेही चांदीच, फक्त तांबं-जस्त मिसळून लवकर वितळेल अशी केलेली. आमची डाख ७५० अंशांच्या पुढे कुठेतरी वाहायची, आणि ८०० ओलांडले की ९२५ ची चांदी स्वतःच वितळायला लागते. एवढ्याशा फरकात सगळं काम.

मी साहजिकच ज्योत सांध्यावर धरली. बाईंनी माझा हात धरून ती दूर नेली आणि अंगठीभोवती सावकाश फिरवायला लावली. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत जास्त वाहून नेते. एका जागी दिलेली उष्णता क्षणात पूर्ण अंगठीभर पसरते, त्यामुळे सांधा तापवायचा तर अंगठी सगळी तापवावी लागते. शिवाय नुसता डाखेचा तुकडा तापवला तर तो आधी वितळून गोळी होऊन बसतो, कारण डाख नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावते. टाकणखार आधी उकळला, पांढरा होऊन फुगला, मग बसला आणि काचेसारखा पारदर्शक झाला. बाई कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, ‘आता.’ त्यांना येणाऱ्या माझ्या भाषेतल्या शब्दांपैकी तो एक होता, सकाळीच मी शिकवलेला. ज्योत सांध्याकडे आणली. तुकडा थरथरला, आणि सांध्यातून पाण्यासारखी लखलखीत रेघ सरकन धावून गेली. मी श्वास धरून ठेवला होता हे नंतर लक्षात आलं.

यापुढे चूक माझी. आगीतून निघालेली अंगठी काळीकरडी असते. ती सौम्य आम्लाच्या कोमट पाण्यात घातली की स्वच्छ, पांढुरकी होते. बाहेर काढायला तांब्याचा चिमटा ठेवलेला होता. मी गडबडीत हाताशी असलेला पोलादी चिमटा आत घातला. अंगठी तांबूस होऊन बाहेर आली. या पाण्यात आधीच्या कामांचं तांबं विरघळलेलं असतं, लोखंड आत गेलं की ते तांबं चांदीवर येऊन बसतं. मला फार वाईट वाटलं. शेजारच्या मुलीची अंगठीही त्याच पाण्यात होती, तीही तांबूस झाली. मी तिची माफी मागितली. बाई काही बोलल्या नाहीत. बारीक घासकागदाने घासून तो तांबूस थर काढता येतो हे त्यांनी दाखवलं, आणि दोन्ही अंगठ्या मीच घासल्या. माझ्या आधी तिची.

घासणं लांबतच गेलं. ३२० चा कागद, मग ६००, मग १२००, आणि दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे आडवे दिसतात आणि ते जाईपर्यंत थांबता येत नाही. मला पूर्ण गुळगुळीत नको होती. बाहेरून गोल तोंडाच्या हातोडीने लहान लहान खळगे पाडले, एकाशेजारी एक. शेवटी पोलादी घोटणीने कडा घोटल्या. चकाकी आल्यावर बोटाने, नखाने, भिंगाने सांधा शोधला. सापडला नाही.

घड्याळात अजून चाळीस मिनिटं होती. बाईंनी माझी जुनी अंगठी पुढे सरकवली आणि करवतही. जुनी डाख आणि वाकड्या कडा कापून टाकल्या, सांधा मिटवला, उजेडासमोर धरला. या वेळी त्या शेजारच्या मुलाकडे गेल्या होत्या. टाकणखार काचेसारखा झाल्याचं मीच बघितलं, ‘आता’ही मीच मनात म्हटलं. ज्योत थोडी उशिरा हटवली असणार, एका बाजूला डाखेचा बारीक उंचवटा राहिला. कानशीने बराचसा गेला. कापल्यामुळे अंगठी लहान झाली आहे, अनामिकेत जात नाही. करंगळीत बसते.

शुक्रवार, त्यानंतरचा नववा दिवस

काल गरम पाण्याच्या कुंडात उतरले होते. पाण्याला गंधकाचा वास येत होता, तरी अंगठ्या काढायचं सुचलं नाही. चांदी काळवंडते ती गंधकामुळेच, हवेतल्या थोड्याशा गंधकानेही सावकाश काळवंडते. इथे तर एका दुपारीत झालं. नवी अंगठी आधी पिवळसर, मग तपकिरी, खळग्यांच्या तळाशी जवळजवळ काळी झाली. उंच कडा बोटांच्या घासण्याने उजळ राहिल्यात, त्यामुळे ठोक्यांची नक्षी त्या दिवशी होती त्याहून स्पष्ट दिसतेय.

आणि आज सकाळी खिडकीशी बसून फिरवताना सांधा दिसला. डाखेतलं मिश्रण वेगळं, म्हणून ती काळवंडतेही वेगळी. तळव्याच्या बाजूला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, केसाएवढी फिकट सरळ रेघ. मधे कुठेही तुटलेली नाही. करंगळीतल्या जुन्या अंगठीवरची रेघ जरा जाड आहे आणि उंचवट्यापाशी पसरलीय.

निघताना बाईंनी चकाकीचं कापड दिलं होतं. ते पिशवीत तळाशी आहे. गाडी सुटायला तास होता, तो तास दोन्ही रेघा उजेडाकडे वळवून बघण्यात गेला.