मूठभर मीठ

"मीठ टाका." फोनवर मी एवढंच सांगितलं. म्हणजे त्याच्या आधी कपडे झटकून घ्या, हाताने निघेल तेवढं निपटून कचऱ्यात टाका, मोरीत ढकलू नका नाहीतर पाइप चोक होईल, हे पण सांगितलं, पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते मीठच. बाळाचा डायपर कपड्यांच्या ढिगाबरोबर मशीनमधे गेला आणि आत फुटला. दादाचे पांढरे शर्ट, टॉवेल, बाळाची दुपटी, सगळ्यावर आतल्या पाणी पिऊन फुगणाऱ्या पावडरीचा तो गिळगिळीत लगदा, सूनबाई रडायच्या बेतात, आणि वहिनीचा फोन मला, "ताई, हे तुमचंच आहे ना?"

माझंच. असलीच पावडर मी लॅबमधे करते, आता नाही कसं म्हणू.

मूठ दोन मूठ खडं मीठ, नुसत्या पाण्यात एक फेरा, मग परत एकदा स्वच्छ पाण्यात. कपडे साफ. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज, "आपल्या ताईची पीएचडी आज खऱ्या अर्थाने कामाला आली" आणि खाली टाळ्यांची रांग. ज्यांनी माझ्या डिग्रीच्या फोटोला नुसता अंगठा दिला होता त्यांनी पण टाळ्या दिल्या. मावशीने तर हे मीठ कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते विचारलं.

आणि मला वाईट वाटलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे खूश, तरी छातीत काहीतरी खट्टू होऊन बसलंय ते जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आधी वाटलं कौतुक फारच स्वस्तात मिळालं, म्हणून असेल. कारण डायपरमधली ती पावडर आणि मी लॅबमधे करते ती पावडर एकाच घरातल्या. ती सोडियम पॉलीॲक्रिलेट, माझ्या पावडरीत अर्धा भाग केळीच्या खोडाचा, आणि ती शेतात मुळाशी पाणी धरून ठेवायला. घड कापला की खोडाचं काम संपलं, एका खोडाला एकच घड, मग ते कापून बांधावर पडतं आणि आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात तर त्याचे ढीगच्या ढीग. आम्ही ते आणतो, चिरतो, वाळवतो, कॉस्टिकमधे उकळतो, ब्लीच करतो, मग कुठे हातात पांढरा मऊ कापसासारखा सेल्युलोज येतो. त्याच्यावर ॲक्रिलिक ॲसिडच्या साखळ्या चढवायच्या. तीन तोंडांचा फ्लास्क, नायट्रोजनचे बुडबुडे, पोटॅशियम परसल्फेट, साखळ्या एकमेकींना गाठायला चिमूटभर एमबीए नावाचं रसायन (मुलं दरवर्षी तोच जोक करतात, मॅडम आम्हाला पण एमबीएच करायचं होतं), आणि ७० डिग्रीला ठेवून बघत बसायचं. बराच वेळ काही होत नाही. मग खाली गरगर फिरणारी मॅग्नेटिक बीड एकदा अडखळते, परत फिरते, परत अडखळते आणि थांबते. तो क्षण मला अजून आवडतो, इतकी वर्षं झाली तरी. आत्तापर्यंत पाणी होतं, आता वस्तू आहे.

नंतरचं काम कंटाळ्याचं. तुकडे करा, ओव्हनमधे वाळवा, दळा, नायलॉनच्या जाळीच्या चिमुकल्या पिशवीत वजन करून भरा, पाण्यात सोडा, ठराविक वेळाने काढून टांगा, थेंब गळायचे थांबले की परत वजन. याला टी-बॅग मेथड म्हणतात, आणि आमचा शिपाई खरंच विचारतो चहा झाला का मॅडम.

हे सगळं घरी कुणाला माहीत नाही असं नाही. दादाला माहीत आहे, खोडं त्याच्याच वावरातली. पण खोडं नेते म्हणून टाळ्या कुणी दिल्या नाहीत, मिठाला दिल्या. बरं झालं, एवढीच माझी किंमत, असं मी त्या रात्री बराच वेळ घोळवलं. ज्या मुलाला मी फ्लास्क धरायला शिकवलं तो अंकलेश्वरला जाऊन माझ्यापेक्षा… जाऊ दे. ते वेगळं आहे.

पण खरं सांगायचं तर हे कारण पटत नाही. स्वस्त कौतुक मला चालतं. विद्यार्थ्यांनी शिक्षकदिनाला पेन दिलं तरी मी दिवसभर खूश असते.

मग दुसरं आठवलं. वहिनी फोनवर होती तेव्हा मागून दादा बोलला होता. मी त्याला काय होतंय ते थोडक्यात सांगितलं होतं, की साखळीवर सगळीकडे ऋण भार असतात, ते एकमेकांना ढकलतात, आतमधे सोडियम कोंडलेला असतो म्हणून पाणी आत ओढलं जातं आणि जाळं फुगतं. बाहेरच्या पाण्यात मीठ टाकलं की आत-बाहेर फरकच राहत नाही, मग आत यायचं पाण्याला काही कारण उरत नाही, फुगलेलं जेल आकसून बसतं. त्याच्यावर दादा म्हणाला, "मिठानं मरते ना ते? मंग आपल्या वावरात कसं टिकीन?"

आणि वहिनी हसली, मी हसले, फोन ठेवला.

हे तेच आहे. हेच टोचतंय. टाळ्या नाही, हा प्रश्न.

कारण दादाच्या बोअरच्या पाण्यात काय नाही ते विचारा. बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल दर दोन-तीन वर्षांनी नवीन, ठिबकच्या ड्रिपरची तोंडं क्षाराने बंद होतात म्हणून वावरात ॲसिड ट्रीटमेंट करावी लागते, आणि ती दादा माझ्या टीवाय बीएस्सीच्या पोरांपेक्षा व्यवस्थित करतो. त्यात परत केळीला सगळं खत ठिबकमधूनच जातं, युरिया, पांढरा पोटॅश, कॅल्शियम नायट्रेट. नुसतं मीठ परवडलं, सोडियमने जेल बसतं पण गोड्या पाण्यात परत फुगतं. कॅल्शियम तसा नाही. तो एकाच वेळी दोन ॲसिड गटांना धरून बसतो, म्हणजे जाळ्याला आणखी गाठी मारतो, मग ते धड उलगडतच नाही. माझं जेल तिथे मुळाशी टाकलं तर पाण्यात राहिलेल्या साबुदाण्यासारखं न होता एका हंगामात वाळूच्या खड्यासारखं होईल. हे मला दादापेक्षा आधीपासून माहीत आहे, माझ्या पेपरमधे त्याचा आख्खा ग्राफ आहे, सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, तीन रेषा, तिन्ही खाली पडणाऱ्या. सगळेच देतात तो ग्राफ. पण ॲबस्ट्रॅक्टमधे, म्हणजे पेपरच्या सारांशात, आकडा जातो तो डिस्टिल्ड वॉटरचा. या पावडरी शुद्ध पाण्यात वजनाच्या तीनशे-चारशे पट पितात आणि ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तेच चाळीस-पन्नासवर येतं, तर पहिला कुठला छापणार. आणि डिस्टिल्ड वॉटरने खान्देशात कुणी केळी लावलीय.

मजा म्हणजे या पावडरीचा जन्मच मातीसाठी झाला होता. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरियाला तिथल्या शेती खात्याची लॅब, १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी मक्याच्या स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइल चढवलं आणि नंतर अल्कलीत उकळलं, नाव पडलं सुपर स्लर्पर. जमिनीत पाणी धरून ठेवायचं हा हेतू. पण १९७८ च्या सुमारास जपानमधे ही जात सॅनिटरी नॅपकिनमधे गेली, मग डायपरमधे, आणि आज जगातला बहुतेक माल तिथेच खपतो. शेतातून निघालेली वस्तू थेट दुपट्यात. तिथे तिला मिठाचा त्रास होत नाही का, तर होतो, लघवीत पण मीठच असतं, पण तिथे काम काही तासांचं. शेतात हंगामभर.

आपल्याकडे दिल्लीला पुसामधे, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, जे हायड्रोजेल झालं ते सेल्युलोजवरचंच, आणि ४०-५० डिग्रीला चांगलं पाणी धरतं अशी त्याची ख्याती, एकरी किलो-दोन किलो टाकायचं. मी त्याच्याच मागे निघाले होते. मे महिन्यात भुसावळचा पारा पाहिला की ४०-५० डिग्रीची काळजी कुणाला पटवून द्यावी लागत नाही. उन्हाचा विचार मी केला होता. पाण्याचा पण केला होता, पण ग्राफमधे केला होता. आणि हे मातीत किती वर्षं पडून राहणार, कार्बन-कार्बनची ती साखळी जिवाणूंना सहजी तुटत नाही, तो प्रश्न तर दादाने विचारलाच नाही अजून. विचारू नये. आज नको.

तर दुसऱ्या दिवशी पण डोक्यात तेच. मिठानं मरते ना ते. लेक्चर घेताना, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनासाठी क्रायटेरियन तीनचं फोल्डर भरताना, ज्यात 'संशोधनाचा समाजाला उपयोग' असा एक रकाना आहे आणि त्यात मला पुरावा म्हणून फोटो लावायचाय. एकदा मनात आलं की कपड्यांचा फोटो लावावा, आधी आणि नंतर. मग एकटीच हसत बसले, बाजूच्या फिजिक्सच्या मॅडमनी बघितलं.

तिथून काय झालं माहीत नाही पण जरा हलकं वाटायला लागलं. कारण हसता हसता हे पण लक्षात आलं की दादाचं पाणी एवढं जड आहे म्हणून मशीनमधे ते जेल तेवढ्यावरच राहिलं. पुण्या-मुंबईच्या नरम पाण्यात एक डायपर फुटला असता तर ते आणखी कितीतरी फुगलं असतं. म्हणजे माझं काम ज्याने बिघडवलं त्यानेच निम्मं माझ्या वहिनीचं मशीन वाचवलं, मी वरून फक्त मूठभर टाकलं. टाळ्या बोअरला द्यायला पाहिजे होत्या. आणि मशीनमधे मिठाने काय होतं हे मला पोटतिडकीने सांगता येतं पण वावरात तेच होतं हे बोलायला मला दादा लागतो, याचं वाईट वाटून घ्यायचं का, तर घ्यावं थोडं, पण दोन दिवस पुरे. शेतकऱ्याची बहीण आहे, वाद घालायचा तर घरात घातलेला बरा. पेपर तपासणारा रिव्ह्यूअर पण हेच विचारतो, फक्त तो चार महिने लावतो आणि इंग्रजीत विचारतो.

काल रात्री दादाला फोन केला. तो आधी म्हणे काय गं, परत डायपर फुटला का कुठे. मी म्हटलं कांदेबाग केळी लावायची आहे ना यंदा, एक ओळ मला दे, दहा-बारा झाडं. तो म्हणाला मिठानं मरणारं नाही लावायचं माझ्याकडे. मी म्हटलं दुसरं आहे. आहे पण, नाही असं नाही, नुसत्या ॲक्रिलिक ॲसिडऐवजी निम्मा सल्फोनेटवाला मोनोमर (साखळीची सुटी कडी) घातलेलं एक सॅम्पल कपाटात पडून आहे, कॅल्शियम त्याला तेवढा घट्ट धरू शकत नाही. शुद्ध पाण्यात ते आमच्या पहिल्यापेक्षा बरंच कमी फुगलं म्हणून माझ्या विद्यार्थिनीने लेबल लावून मागे ठेवलं होतं. जड पाण्यात ते किती टिकतं हे कुणी बघितलंच नाही, कारण आकडा आधीच लहान होता. मोनोमर पण महाग आहे, एकरी हिशोब केला तर दादा मला दारात उभी करणार नाही, पण दहा-बारा झाडांना चालतंय.

दादा म्हणाला पाणी पाठवतो आधी, त्याच्यात टाकून बघ, मग झाडाला हात लाव. मी तेच सांगणार होते, त्याने आधी सांगितलं. वर म्हणे पेपरात माझं नाव टाकशील का. मी म्हटलं बोअरचं टाकते. तो खरंच विचार करायला लागला, की घराजवळच्या बोअरचं पाठवू का नाल्याकाठच्या, नाल्याकाठचं जास्त जड आहे. जास्त जडवालं पाठव म्हटलं.

आज दोन कॅन आले, केळीच्या गाडीवाल्याबरोबर, झाकणाला प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी बांधून. पाण्याचा जडपणा आधी मोजायला पाहिजे, नाहीतर जर्नलवाले म्हणतील कुठलं पाणी, काय पाणी. ते मी एसवायच्या बॅचला देणार आहे. दरवर्षी ही पोरं ईडीटीएचं टायट्रेशन मी तयार केलेल्या सॅम्पलवर करतात, लालसर जांभळ्याचं निळं झालं की रीडिंग लिहितात, आणि उत्तर सीनियरच्या प्रॅक्टिकलच्या वहीत आधीच असतं. यावेळी उत्तर मलाच माहीत नाही, तर कोणाचं बघून लिहितात ते बघू. फक्त बुरेटी धड दोनच आहेत, बाकीच्यांचे कॉक गळतात, ग्रीस संपलंय, ते आधी आणायला सांगितलं पाहिजे.