पावसाळ्यात झोपणारं झाड : आमच्या नर्सरीची वाटचाल

डायोस्कोरिया एलिफंटिपीस, म्हणजे हत्तीपाय, आम्ही बेळगावात बियांपासून वाढवून विकतो. झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, आपल्या कोनफळाचं आणि करांद्याचं भाऊबंद. मात्र याचा कंद जमिनीच्या वर येतो आणि वाढता वाढता त्याची जाड साल कासवाच्या पाठीसारखी भेगाळते.

आधीची वर्षं कॅक्टस आणि अडेनियम, म्हणजे जाड बुंध्याचं फुलझाड, यांवर निघाली. सांगायचं आहे ते हत्तीपायामुळे नर्सरी बंद पडायची वेळ आली त्या पावसाळ्याचं.

हत्तीपाय आपल्याकडे साधारण भाद्रपद-आश्विनात वेल काढतो, थंडीभर वाढतो आणि उन्हाळा तापला की पानं पिवळी पडून वेल वाळते. म्हणजे खानापूरकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा झाड झोपलेलं, कुंडीत नुसता बोडका कंद. एका व्यापाऱ्यानं नेमकं हेच धरलं. ‘ते मेलेली झाडं विकतात,’ असं प्रदर्शनात येईल त्याला सांगत सुटला. स्वतः मात्र मुळं छाटलेले मोठे कंद ‘रुजलेले’ म्हणून खपवत होता. आमच्या गिऱ्हाइकांनी घाबरून झोपलेल्या कंदांना पाणी घातलं. कूज बुडाकडून चढते. वरून साल टणक, आत लगदा. पैसे परत मागणारे दारात उभे राहिले. सगळ्यांचे दिले, त्यासाठी जुनी अडेनियमची मातृझाडं विकावी लागली. तो व्यापारी आजही प्रदर्शनात मोक्याची जागा पटकावतो. हे आम्ही विसरलेलो नाही.

त्या हंगामात निपाणीच्या एका निवृत्त गुरुजींनी झाड परत केलं नाही, उलट आणखी दोन नेली. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. आमच्याकडे फुललेल्या सगळ्या माद्या, नर गुरुजींकडे. फुलं बारीक, हिरवट-पिवळी. मादीच्या फुलामागे तीन कोनांची इवली बोंडी दिसते. गुरुजी नराचा फुललेला तुरा कागदाच्या पुडीत पाठवायचे आणि त्याच दिवशी बारीक ब्रशनं पराग लावायचा. तीन पंखांचं बोंड वाळून तपकिरी झालं की फुटायच्या आत काढायचं, नाहीतर पंखवाली बी वाऱ्यावर जाते. आमच्या घरच्या बियांची सुरुवात तिथून झाली.

बी थंडीची चाहूल लागल्यावर पेरावं. एक दिवस कोमट पाण्यात भिजवून अर्धा सेंटिमीटर खोल. १५ ते २० अंशांत तीन ते पाच आठवड्यांत हृदयाच्या आकाराचं एकच पान येतं. ते हिरवं आहे तोवर पाणी तोडू नका, पहिल्या वर्षीची वाढ त्या पानावरच असते. कंद पहिली दोन-तीन वर्षं मातीखालीच ठेवा, लवकर भरतो. लोकांना तो लगेच वर दिसायला हवा असतो, तो हट्ट सोडा.

माती म्हणाल तर दोन भाग जांभ्याची खडी, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं पालापाचोळ्याचं खत. खडी दोन चाळण्यांतून काढतो : ६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील ती टाकायची, ३ च्या खाली पडेल तीही. धूळ राहिली की पाणी तळाशी अडतं. कुंडी खानापूरची, भाजलेल्या मातीची, बिनझिलईची, कंदापेक्षा दोन बोटं रुंद. वेलीला तारेची कमान. १९:१९:१९ खत, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही पानं असतील तेव्हाच.

पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्या, वेल पूर्ण वाळल्यावर बंद. कुंडी पागोळ्यांपासून लांब, छपराखाली, वारा खेळेल अशी ठेवा. कंद जिवंत आहे का, ते उचलून बघा : वजनदार आणि बुडाशी कडक असेल तर झोपलाय, हलका किंवा दाबला जात असेल तर गेला. कोंब दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब नको.

आता आम्ही झाड पानावर असतानाच विकतो, म्हणजे दिवाळीनंतर. मुळं बघायची असतील तर गिऱ्हाइकासमोर कुंडी उपडी करतो.